नोमार गेला म्हणून करंडक आला

चेन्नईनं जडेजाला राजस्थानला देऊन संजू सॅमसनला घेतलं, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच पालुपद चालू आहे. ‘खेळाडू म्हणजे काय बाजारातली गुरं?’ असं डोंबिवलीच्या आतेभावानं लिहिलं आणि लगेच रोहित-हार्दिकचं जुनं प्रकरण उकरून निघालं. निष्ठा, कृतज्ञता, भावना. संघ कसा बांधतात याबद्दल अवाक्षर नाही. मला याचा खरंच संताप येतो.

मी बॉस्टनमध्ये राहतो. इथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा नोमार गार्सियापारा शहराचा लाडका होता. 1999 आणि 2000 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन गटांपैकी एकात, फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी त्याची. 31 जुलै 2004 ला रेड सॉक्सचा जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइन यानं चार संघांच्या अदलाबदलीत त्याला शिकागो कब्ज संघाला देऊन टाकलं. एपस्टाइन तेव्हा 30 वर्षांचा. नोमारची टाच दुखावलेली, करार संपत आलेला, आणि संघाचं क्षेत्ररक्षण गळकं. बदल्यात आले ऑर्लँडो काब्रेरा आणि डग मिंटकेविच, दोघेही आधी क्षेत्ररक्षणासाठी ओळखले जाणारे. शहर खवळलं.

त्याच दिवशी लॉस एंजेलिसहून डेव्ह रॉबर्ट्सही आला. त्या सौद्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ऑक्टोबरात अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत न्यू यॉर्क यांकीज 3-0 नं पुढे, आणखी एक पराभव आणि रेड सॉक्स बाहेर. अशात चौथ्या सामन्याची नववी इनिंग, रेड सॉक्स एका धावेनं मागे. रॉबर्ट्सला फक्त पळायला उतरवलं. तो बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे धावणार, हे आमच्या अख्ख्या फेनवे मैदानाला ठाऊक होतं. यांकीजचा चेंडू टाकणारा रिव्हेरा, त्याला तर होतंच; त्यानं तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे रेटलं. तरी तो सुटला, डोक्याच्या बाजूनं झेपावला, आणि दुसऱ्या बेसवरच्या यांकीजच्या जीटरचा हात अंगाला लागण्याआधी त्याचा हात बेसवर होता. पुढच्या फटक्यावर बरोबरी, मग विजय, मग सगळी मालिका. वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, 86 वर्षांनी घरी आली. शेवटचा बळी पूर्ण करणारा चेंडू मिंटकेविचच्या हातमोज्यात विसावला.

मी हेच सांगतो: अदलाबदल करणारा माणूस संघातलं भोक बघतो, पोस्टर बघत नाही. आणि 2009 मध्ये नोमार ओकलंडच्या पोशाखात फेनवेवर आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वानखेडेनं 2024 मध्ये आपल्याच कर्णधाराची, हार्दिकची, हुर्यो केली. मुंबईकर म्हणून मला त्याची लाज वाटली, आणि ती मी ग्रुपवर बोलून दाखवली.

पण 2020 च्या फेब्रुवारीत रेड सॉक्सनं आपला लाडका तारा मूकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला दिला, पगाराचा बोजा हलका करायला. तिथे कुठलं भोक बुजवायचं नव्हतं. हा फरक मला नीट मांडता येतो, तरी तेव्हाचा राग फरकाच्या हिशेबातला नव्हता. मी ऑफिसात ज्याच्या-त्याच्याशी भांडलो, आतेभावाच्याच शब्दांत: निष्ठा, कृतज्ञता. रोहितची कप्तानी काढली तेव्हा मात्र मी शांतपणे संघबांधणी समजावत होतो. शिवाजी पार्कात क्रिकेट शिकलेला मी. माझा आंधळा राग आता बॉस्टनच्या वाट्याला जातो आणि मुंबईच्या वाट्याला समजूतदारपणा, हे मला आवडत नाही.