ग्रॅनाइटचा ओटा आणि सोळा टक्के

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या रेडॉन चाललाय, म्हणजे खडक-मातीतून सुटणारा किरणोत्सारी वायू. एक गट म्हणतो, ग्रॅनाइटचा ओटा फोडून टाका, त्यातून वायू सुटतो नि फुप्फुसाचा कॅन्सर सोळा टक्क्यांनी वाढतो. दुसरा म्हणतो, आजे-पणजे चिऱ्याच्या घरात म्हातारे होऊन गेले, ही गोऱ्यांची थेरं. इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये बसून दोन्ही वाचताना डोकं उठतं.

सोळा हा आकडा खरा आहे, पण अर्धाच. 2005 साली युरोपातल्या 13 अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली, 7,148 रुग्ण आणि तुलनेला 14,208 माणसं. घनमीटर हवेमागे रेडॉन 100 बेकरेलने (किरणोत्साराचं माप) वाढला की धोका 8 टक्क्यांनी वाढलेला दिसला. मग मोजणीतली चूक हिशेबात धरली आणि 8 चे 16 झाले, तेही 5 ते 31 च्या मध्ये कुठेतरी. ग्रुपवर येईतो 5 नि 31 गळाले.

ही चूक कसली? डिटेक्टर घरात राहतो काही महिने, कॅन्सरचा हिशेब मागच्या तीसेक वर्षांचा. दरम्यान खिडक्या बदलतात, हीटिंग बदलतं, पातळी वर्षागणिक हलते. कुणाचा आकडा चुकून जास्त लागतो, कुणाचा कमी, आणि या गोंधळात धोक्याची चढती रेघ आडवी पडते, म्हणजे धोका आहे त्याहून कमी दिसतो.

आणि सोळा टक्के कशाचे? त्याच अभ्यासानुसार कधीच सिगारेट न ओढणाऱ्याचा पंचाहत्तरीपर्यंतचा धोका शून्य रेडॉनला 0.4 टक्के, 100 बेकरेलला 0.5. ओढणाऱ्याचा 10 वरून 12. म्हणजे ओट्यावर घण घालण्याआधी पडवीतली बिडी विझवा.

त्या बिचाऱ्या ओट्याचा वाटा बहुधा नगण्यच असतो. वायू मुख्यतः येतो घराखालच्या जमिनीतून, भेगांतून. ग्रॅनाइटचीच भीती असेल तर काणकोणात तो पायाखाली आहे, तिथल्या तळमजल्यांची चौकशी करा. इथे डेव्हनमध्ये घर विकताना फॉर्मवर रेडॉनचा प्रश्न असतो, कुणाला घेरी येत नाही. 200 बेकरेलच्या वर गेलं तर ‘सम्प’ म्हणजे वायू ओढणारा खड्डा बसवतात: स्लॅबला भोक पाडून खालची बादलीभर माती काढायची, 110 मिलिमीटरचा पाइप सोडायचा, पंख्याने हवा बाहेर ओढायची. स्लॅबच्या भेगा बुजवल्या नाहीत तर पंखा जमिनीतली सोडून घरातलीच हवा ओढत बसतो. नुसता एक्झॉस्ट फॅन तर कधीकधी उलटाच पडतो, घरातला दाब कमी करून जमिनीतला वायू आणखी वर खेचतो.

गोव्यात मोजायचं तर आणखी एक घोळ. मातीच्या भिंतीतून आणि सारवलेल्या जमिनीतून थोरॉन हा रेडॉनचाच भाऊबंदही निघतो. तो 55 सेकंदांत निम्मा होतो, म्हणून भिंतीपासून फार दूर पोचत नाही. खिळ्याला टांगलेला साधा डिटेक्टर तोही रेडॉन म्हणून मोजतो. खोलीच्या मध्यावर, पंख्याच्या झोतापासून दूर टांगा.

इथवर इथलं कौतुक झालं. आता कबूल करायला हवं की तो 16 बंद, तापवलेल्या घरांतून आलाय. फुप्फुसाला मुख्य इजा करतात ते रेडॉनपासून बनणारे पोलोनियम या किरणोत्सारी धातूचे कण, आणि हवा खेळती असली की तेवढ्याच वायूमागे ते कमी साठतात. सर्वसाधारण घराला या कणांचं वायूशी 0.4 हे गुणोत्तर धरतात. कौलांतून वारा येणाऱ्या घराला ते जसंच्या तसं लावणं धाडसाचं. आजे-पणजेवाल्यांचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर. मात्र कौलं काढून स्लॅब टाकला, सरकत्या काचा लावून तळमजल्यावर एसी चालवला, की ते घर डेव्हनच्या जवळ सरकतं.

आमचं डिचोलीचं घर एका चवथीला बंद होतं ते पुढच्या चवथीला उघडतं. मधल्या काळात तिथे डिटेक्टर टांगला तर आकडा भरभक्कम येईल, आणि ग्रुपवर टाकण्याजोगाही. धोका काढताना मात्र त्याला घरात काढलेल्या तासांनी गुणावं लागतं. चवथीचे पाच दिवस, वर्षाला 120 तास.