उकळलं की अल्कोहोल उडतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ग्ल्यूवाइनच्या (जर्मनीतल्या मसालेदार गरम वाइनच्या) माझ्या पाककृतीखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: 'वाइन तापवा, पण उकळू देऊ नका' हा माझा आग्रह म्हणजे परदेशात राहून आलेले नखरे. तुमच्या नाशिकच्या घरी ३१ डिसेंबरला वाइन चहाच्या मसाल्यासकट अर्धा तास रटरटते. अल्कोहोल ७८ अंशांनाच उडून जातं, त्यामुळे तेच पेय गाडी चालवणाऱ्यांना आणि मुलांनाही बिनधास्त देता येतं. आणि जर्मनीतल्या नाताळच्या बाजारांत तरी दुसरं काय होतं, तिथेही टाक्यांमध्ये दिवसभर वाइन उकळतच असते ना?

मसाल्यावरून आपण नंतर भांडू. आधी मुलांचं आणि गाडीचं, कारण तिथे चवीचा प्रश्न नाही.

७८ अंशांचा आकडा खरा आहे, पण तो शुद्ध अल्कोहोलचा. तुमच्या पातेल्यात असतं ते पाणी, आणि त्यात मिसळलेलं १२-१३ टक्के अल्कोहोल. हे मिश्रण नव्वदच्या थोडं पुढे गेल्यावर उकळायला लागतं आणि वाफेबरोबर दोन्ही जातात. वाफेत अल्कोहोलचा वाटा जास्त असतो हे कबूल, पण ते एकटं उठून निघून जात नाही. जसजसं ते कमी होतं तसतसं उरलेलं बाहेर पडणं अधिकच रेंगाळतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचे याबद्दलचे तक्ते प्रसिद्ध आहेत. मंद उकळीवर शिजणाऱ्या पदार्थात १५ मिनिटांनी मूळ अल्कोहोलपैकी ४० टक्के शिल्लक असतं, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाभराने २५ आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. भांडं उभट असेल किंवा झाकण ठेवलं असेल तर त्याहून जास्त.

आता तुमच्याच अर्ध्या तासाचा हिशेब मांडू. १२ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत ९० मिली अल्कोहोल असतं. त्याचे ३५ टक्के म्हणजे सुमारे ३१ मिली. पाच कपांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिलीच्या वर. साध्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये एवढं अल्कोहोल सव्वाशे मिलीत असतं. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या हातात तुम्ही अर्धा पेला बिअर देताय, फक्त वर लवंग तरंगतेय म्हणून ती काढ्यासारखी दिसते. गाडी चालवणाऱ्याने असे तीन कप घेतले तर? आपल्याकडची कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, जर्मनीतल्या सर्वसाधारण मर्यादेपेक्षाही कडक. 'उकळलेली होती हो' हे पोलिसाला सांगून उपयोग नाही.

बाजारांतल्या टाक्यांबद्दल. न्यूरेंबर्ग असो, ड्रेस्डेन असो की आमच्या गल्लीतला चार टपऱ्यांचा बाजार, टपरीवरच्या हीटरला थर्मोस्टॅट असतो आणि वाइन सत्तरीच्या घरात धरून ठेवलेली असते. वाफ दिसते म्हणून उकळतेय असं वाटतं. खरी गंमत नियमात आहे. युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार ग्ल्यूवाइन वाइनपासूनच केलेली, मुख्यतः दालचिनी किंवा लवंग घातलेली असावी लागते, आणि तिच्यात किमान ७ टक्के अल्कोहोल असावं लागतं. अर्धा तास उकळून तुम्ही जे करता ते या व्याख्येत बसेल असं वाटत नाही, आणि मुलांना देण्याइतकं निर्धोकही नाही. दोन्हीकडून गेलं. (जाता जाता: बाटलीबंद ग्ल्यूवाइनची सुरुवात १९५६ साली आउग्सबुर्गमध्ये रुडोल्फ कुन्झमान यांनी केली असं मानतात, आणि वाइनमध्ये साखर घातली म्हणून त्यांना दंड झाला होता. नखऱ्यांची परंपरा जुनी आहे.)

चवीचं नुकसान वेगळंच. उकळी आली की आधी उडतो तो फळाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास, मागे उरतो तुरटपणा आणि आंबटपणा. मग तो झाकायला साखर वाढते. तुम्ही 'चार मोठे डाव साखर' लिहिलीत तेव्हाच मला पातेल्यात काय झालं असेल याचा अंदाज आला.

माझी पद्धत थोडक्यात पुन्हा सांगतो, कारण उकळायला माझी ना नाहीच, फक्त वाइन उकळायला आहे. वाटीभर पाण्यात तीन-चार चमचे साखर, दालचिनीचा एक तुकडा, चार-पाच लवंगा, एखादं चक्रीफूल आणि संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या घालून दहा मिनिटं खुशाल खळखळवा. सालीमागचा पांढरा भाग शक्यतो काढा, तो कडू असतो. जर्मनीत राहणाऱ्यांनी 'साल खाण्यायोग्य नाही' असा शिक्का असलेली संत्री यासाठी घेऊ नयेत. मग आच मंद करून वाइन ओता. थर्मामीटर नसेल तर कडेने बारीक बुडबुडे धरायला लागले की बंद. झाकून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. लवंग-दालचिनीची तेलं अल्कोहोलमध्ये झटकन उतरतात, त्यांना रटरटण्याची गरज नसते. पातेलं स्टीलचं. कल्हई उडालेलं पितळी नको आणि जर्मनचंही (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं) नको, पेय जर्मन असलं तरी. वाइनचं आम्ल त्यांना लागतं.

आता चहाचा मसाला. 'मसाले आपले, आणि आम्हालाच शिकवता?' हा तुमचा टोमणा आवडला. वेलची घाला की, माझी काहीच हरकत नाही. स्वीडनमधल्या ग्लॉगमध्ये, म्हणजे तिथल्या मसालेदार गरम वाइनमध्ये, ती असतेच, शिवाय कपात बेदाणे आणि सोललेले बदाम. हरकत आहे ती पुडीला. दालचिनीची पूड गरम द्रवात बुळबुळीत होते, फडक्यातून गाळली तरी तळाशी गाळ राहतो. आणि सुंठ-मिरीचा तिखटपणा चहात दूध सांभाळून घेतं, वाइनमध्ये सांभाळणारं कोणी नाही. अख्खे मसाले घ्या, अर्ध्या तासाच्या आत काढून टाका. लवंग जास्त वेळ राहिली तर दाताच्या डॉक्टरांकडे गेल्याचा भास होतो.

वाइन कुठली, यावर आपलं एकमत आहे हे बघून बरं वाटलं. ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी बाटली यात घालणं पाप आहे. नाशिकची साधी, फार तुरट नसलेली कोरडी लाल वाइन उत्तम. गोव्याची पोर्ट वापरणार असाल तर ती मुळातच गोड असते, साखर जवळजवळ घालूच नका.

आणि मुलांसाठी काय? जर्मन बाजारांनी ते कधीच सोडवलंय. बहुतेक टपऱ्यांवर 'किंडरपुन्श' मिळतो: लाल द्राक्षांचा रस, सफरचंदाचा रस, फळांच्या चहाचं पाणी आणि तेच मसाले. त्या चहाचा लाल रंग आणि आंबटपणा बहुतेक वेळा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो, आणि ती आपल्याकडेही मिळतात. वाळलेली बोंडं मसाल्याच्या पाण्यातच उकळा, गाळा, रस मिसळा. रंग वाइनसारखा येतो, मुलांना मोठ्यांचा कप मिळाल्याचा आनंद होतो, आणि गाडी चालवणाऱ्यालाही 'तू का घेत नाहीस?' या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागत नाही. मुख्य म्हणजे याला हवं तेवढं उकळा.

फक्त दोन पातेली शेजारी ठेवणार असाल तर रंग सारखाच असल्यामुळे घोटाळा होतो. मुलांचं पातेलं दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्हींचे डाव वेगळे.