नऊ इंचाची भिंत

आज सकाळी आक्काच्या घरची वायर कापली. केबलचा पोरगा शिडी लावून चढला, पकडीनं तोडली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. दहा फूटसुद्धा भरणार नाही. तेव्हापासून डोकं सणकलंय. दुपारी जेवणही गेलं नाही. लिहितेय, लांबेल, वाचा.

आमचं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं घर आणि आक्काचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. आक्का ऐंशीच्या पुढची, एकटी. आमच्या सेट टॉप बॉक्सच्या मागनं एक वायर काढून खिडकीतनं तिच्या टीव्हीला दिली होती, त्याला सहा वर्षं झाली. बॉक्स एकच, त्यामुळं आमच्याकडे जे लागेल तेच तिला दिसणार. तिला दुसरं काही बघायचं असलं की ती लाटण्यानं भिंतीवर टकटक करते. संध्याकाळी सातला तिच्या मालिकेची टकटक ठरलेली. आमच्या पोरांची मॅच सुरू असली तरी चॅनल बदलतो, कुरकूर करत का होईना.

"वैनी, दोन घरं म्हणजे दोन कनेक्शन. वरनं सांगितलंय," केबलचा पोरगा म्हणाला. कुणीतरी तक्रार केली म्हणे. कुणी केली ते मला विचारायचंही नाही, कारण नाव कळलं तर उद्या दूध आणायला जाताना तोंड बघावं लागेल.

आक्का दारात उभी होती. म्हणाली, "मी काय चोरी करतो व्हय रं?" पोरानं मान खाली घातली.

चोरी. या बाईला चोरी!

1987 साली मी आठ वर्षांची होते. आख्ख्या गल्लीत टीव्ही एकच, तो आक्काच्या सोप्यात. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. तिचे मालक शाहू मिलमध्ये, त्यांच्या पगारातनं हप्ता जायचा. रविवारी सकाळी रामायण लागायच्या आधी आक्का स्वतःची कॉट उचलून परड्यात नेऊन ठेवायची, माणसांना बसायला जागा व्हावी म्हणून. जाजम घालायची. चाळीस-पन्नास माणसं बसायची आणि बाहेर चपलांचा ढीग. आमची आजी गुडघ्यानं अधू, तिला मांडी घालता यायची नाही, तर आक्कानं तिच्यासाठी उंबऱ्याजवळ पाट ठेवलेला असायचा. तो पाट दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची नाही. तू कुठल्या घरचा, लाईट बिलाला किती देणार, असं तिनं एकाही माणसाला विचारलं नाही.

आता मला सांगा, तीच आक्का आज आमच्या खोलीत येऊन बसली तर सगळं कायदेशीर. भिंतीच्या पलीकडे स्वतःच्या कॉटवर पडून तेच चॅनल, तोच बॉक्स, तीच मालिका बघितली तर गुन्हा? नऊ इंचाच्या भिंतीनं माणूस चोर होतो?

2019 ला ट्रायची, म्हणजे केबल-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी पद्धत आली तेव्हा पैशाचं चॅनल घ्यायच्या आधीच नेटवर्कचे 130 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. 2020 ला ठरलं की एकाच घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याला त्या नेटवर्कच्या रकमेच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक असे दोन टीव्ही ज्याला परवडतात त्याला सवलत दिली. आणि आक्का श्रावणबाळ योजनेच्या 1500 रुपयांत औषधं बसवणार, गॅस बसवणार, वर नवीन कनेक्शन घेणार!

मोबाईलवरच्यांचीही तीच तऱ्हा. नेटफ्लिक्सनंच 2017 ला ट्विट केलं होतं की पासवर्ड वाटून घेणं म्हणजे प्रेम. जुलै 2023 मध्ये भारतातल्या लोकांना कळवलं, एक खातं एकाच घरापुरतं. घर कुठलं ते इंटरनेटच्या कनेक्शनवरनं ठरणार. शिकायला पुण्याला गेलेलं पोर आईच्या घरातलं की बाहेरचं, हे आता वायफायनं सांगायचं.

हां, केबलवाल्यालाही पोट आहे. प्रत्येक बॉक्समागं त्याला वर पैसे भरावे लागतात, आणि मोबाईलमुळं त्याची कनेक्शनं तुटत चाललीत हे मलाही दिसतं. एका कनेक्शनवर आठ भाडेकरूंना वायरी देऊन महिन्याला वसुली करणारे लोक आहेत, ती चोरीच. पण आम्ही आक्काकडनं एक रुपया घेतलेला नाही.

राग त्या पोरावर नाहीच. भर पावसात खांबावर चढून त्यानं आमची लाईन जोडलीय. वायर गुंडाळताना त्याचाही चेहरा पडला होता.

1 ऑगस्ट 2024 ला दुपारी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेची फायनल होती. तो राधानगरी तालुक्यातला, कांबळवाडीचा, आणि आक्काचं माहेर राधानगरीकडचं. सकाळपासून तिनं भिंत बडवून बडवून मला ते चॅनल लावायला लावलं. नेमबाजीतलं तिला ओ की ठो कळत नाही. 451.4 गुणांवर कांस्य पक्कं झालं तेव्हा मी इकडे ओरडले आणि पलीकडनं लाटण्याचा जो आवाज सुरू झाला तो थांबेचना. मी पळत गेले तर ही पदरानं डोळे पुसत बसलेली. "आपलं पोरगं गं," एवढंच म्हणत होती.

कुणी म्हणेल फ्री डिश बसवून द्या, त्याला महिन्याचं भाडं नाही. खरं आहे, नवऱ्यानंही दुपारी तेच सांगितलं. बसवूही. पण मग ती कशाला भिंत वाजवेल?

मघाशी सात वाजले. मी रिमोट हातात घेऊन बसले होते. टकटक आली नाही. मग मीच उठले, तिच्या दारात गेले. अंधारात बसली होती. म्हणाली, "नको बाई, तुमाला तरास." हाताला धरून आणलं. आता ती माझ्या शेजारी बसलीय. आमच्या सोफ्यावर तिला बसवत नाही, पाय लोंबकळतात, म्हणून माळ्यावरनं आजीचा पाट काढलाय, धुऊन पायाखाली दिलाय. मालिका लागलीय. जाहिरात आली की विचारते, "माझ्यामुळं पोरांची मॅच ऱ्हायली न्हवं?"