‘तुला वाटेल ते दे’ म्हणणाऱ्या मित्राची गाडी

मित्राची गाडी घ्यायचं ठरलं की सगळ्यात अवघड वाक्य पहिल्याच बोलण्यात येतं. ‘अरे, तुला वाटेल ते दे.’ ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं, पण त्या एका वाक्याने सगळं ओझं घेणाऱ्यावर येऊन पडतं. कमी सांगावं तर आपण चिंगूस, जास्त सांगावं तर खुळे. मग घेणारा म्हणतो, ‘छे छे, तूच सांग.’ दोन भली माणसं एकमेकांच्या तोंडून आकडा काढायला बसतात, आणि गंमत म्हणजे मनात दोघांच्याही आकडा तयार असतो.

या विषयावर माझं मत जरा रोखठोक आहे. मैत्रीखातर भाव कमी करू नये आणि भिडेखातर वाढवूही नये. बाजारात त्या गाडीला दोन भाव असतात. डीलर ती तुमच्या मित्राकडून ज्या भावाला घेईल तो एक, आणि तीच गाडी धुऊनपुसून तुम्हाला ज्या भावाला विकेल तो दुसरा. या दोन भावांमध्ये जी जागा आहे, ती तुमच्या दोघांची. भाव तिथेच कुठेतरी ठरायला हवा.

समजा डीलर गाडी १०० ला घेतो आणि १२५ ला विकतो. मधल्या २५ मध्ये त्याच्या जागेचं भाडं, किरकोळ दुरुस्ती, अडकलेलं भांडवल, असलीच तर वॉरंटी आणि नफा असतो. तुमचा व्यवहार ११२ ला झाला तर मित्राला १२ जास्त मिळाले, तुमचे १३ वाचले. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. डीलरच्या भावापेक्षाही खाली, ९० ला गाडी मागणारा घेणारा ‘आपल्यात काय’ म्हणत दुसऱ्याच्या खिशातून मैत्री साजरी करत असतो. तसंच १२५ मागणारा विकणाराही, कारण डीलर देतो ती वॉरंटी हा देणार नसतो.

हे दोन भाव काढायला फार कष्ट पडत नाहीत, फक्त ते दोघांनी मिळून काढावेत. पहिल्या भावासाठी मित्राने दोन-तीन डीलरांना गाडी खरोखर दाखवावी. फोनवर सांगितलेला भाव गाडी बघितल्यावर हमखास उतरतो. दुसऱ्यासाठी जाहिराती बघाव्यात, पण मॉडेल, साल, व्हेरियंट, इंधन आणि रनिंग जुळणाऱ्याच. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. महिनोन्महिने तीच जाहिरात दिसत असेल तर त्या भावाला गाडी जात नाहीये, एवढाच तिचा अर्थ.

आता मधल्या जागेत नेमकं कुठे थांबायचं? वॉरंटी नाही म्हणून मध्यापेक्षा थोडं खाली यावं, असं पहिल्यांदा वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. जॉर्ज अकर्लॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक शोधनिबंध लिहिला, आणि पुढे २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला आणखी दोघांबरोबर मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. मुद्दा असा: गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी गाडीचा भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजूला होतो, बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, भाव आणखी पडतो.

मित्राच्या गाडीबाबत हे अज्ञान बरंचसं नसतं. ती कोण चालवत होतं, सर्व्हिसिंग वेळेवर व्हायचं का, कुठे ठोकली होती, घाटात हाफ क्लचवर कोण खेळायचं, हे तुम्ही शेजारच्या सीटवर बसून पाहिलेलं असतं. या माहितीला बाजारात किंमत आहे. म्हणजे मित्र व्यवस्थित माणूस असेल तर त्याची गाडी स्वस्त नव्हे, उलट सरासरीपेक्षा थोडी महाग असायला हवी! ‘मित्र आहे म्हणून डिस्काउंट’ हा हिशेबच मला उलटा वाटतो. वॉरंटी नाही म्हणून थोडं वजा, गाडी ओळखीची म्हणून थोडं अधिक, आणि फिरून आपण मध्यावरच येतो. (मित्र गाडी कशी हाकतो हे पाहून तुम्हाला घाम फुटत असेल, तर हाच युक्तिवाद उलट लावा.)

विकणाऱ्यांना एक सांगायला हवं. आपली वस्तू आपल्याला महागच वाटते, आणि हे प्रयोगाने दिसलेलं आहे. कानेमन, क्नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि विकायला सांगितले. नुकताच हातात आलेला मग, तरी विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागितली. मग गाडीचं काय होत असेल! तिच्यातून बाळाला घरी आणलेलं असतं, रात्र रात्र प्रवास केलेले असतात. त्या आठवणी खऱ्याच, पण त्या तुमच्याकडेच राहतात, गाडीबरोबर ट्रान्सफर होत नाहीत. केलेल्या खर्चाचंही जवळपास तसंच. ‘आत्ताच एवढा खर्च केलाय’ हे वाक्य प्रत्येक विकणाऱ्याच्या तोंडी असतं. नवे टायर असतील तर त्यांचं उरलेलं आयुष्य भावात जरूर धरावं. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग हा गाडी वापरल्याचा खर्च आहे. तो केला म्हणून भाव वाढत नाही, केला नसता तर उतरला असता. आणि तुम्ही हौसेने बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचे पैसे कुणीही देणार नाही.

घेणाऱ्यांसाठी: भिडेपोटी गाडी न तपासता घेणं हा वेडेपणा आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तुमच्या विश्वासातला, मित्राच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक गाठा. यात मित्राचा अपमान काहीच नाही, कारण कित्येक दोष त्याला स्वतःलाही ठाऊक नसतात. इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट मारून पाहा, गरम इंजिन बरंच काही लपवतं. टायरच्या बाजूला एक कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे टायर कधी बनला ते: पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला तर एररबरोबर हेही बघायला सांगा की एरर हल्लीच पुसलेत का. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या अपूर्ण दिसतात, आणि बऱ्यापैकी चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. रनिंग मीटरवर वाचावं, पण विश्वास सर्व्हिसच्या बिलांवर ठेवावा. गाडी इलेक्ट्रिक असेल तर बाकी सगळं दुय्यम, आधी बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे ते बघा.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र येऊ घातलेल्या खर्चाकडे हवं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, असलेल्या गाडीत तो ठरावीक किलोमीटर किंवा वर्षांनी बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकून खाली बसायची वेळ येते. तो बदलायची वेळ जवळ आली असेल तर ते काम बरंचसं मित्राने वापरलेल्या किलोमीटरचं आहे, म्हणून त्याचा मोठा भाग भावातून वजा व्हायला हवा. क्लच, बॅटरी, टायर, सगळ्यांना हाच न्याय. मेकॅनिककडून अशा कामांची अंदाजपत्रकी यादी घ्या आणि मित्राच्या हातात द्या. ‘थोडं कमी कर ना’ म्हणण्यापेक्षा ती यादी पुढे ठेवणं जास्त सभ्य आहे. तिच्यावर चर्चा होऊ शकते, ‘थोडं’वर फक्त रुसवा होतो.

मैत्री खरी तुटते ती भावावरून नाही, नंतर तुटते. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांनी एसी बंद पडतो. परक्याकडून घेतलेली असती तर पदरी पडलं पवित्र झालं म्हणून गप्प बसलो असतो. मित्राकडून घेतलेली असली की मनात येतं, याला माहीत असणार. गळ्यात मारली आपल्या. आणि मित्राला प्रत्येक फोन उचलताना वाटतं, आता काय वाजतंय गाडीत? मी पाहिलंय, दोन चांगली माणसं एका कूलंटच्या गळतीवरून एकमेकांच्या घरची कार्यं टाळू लागली. गळतीचा खर्च खरं तर किरकोळ होता.

म्हणून विकणाऱ्याने माहीत असलेले सगळे दोष आधी, न विचारता, लिहून द्यावेत. डावीकडची काच अर्ध्यावर अडकते इथपासून मागचं दार ठोकून रंगवलंय इथपर्यंत. मैत्रीत द्यायचीच असेल तर सूट ही द्या, प्रामाणिकपणाची. आणि घेणाऱ्याने मान्य करावं की लिहिलेलं आणि मेकॅनिकने पाहिलेलं सोडून पुढे जे निघेल ते माझं. फक्त मुद्दाम लपवलेली गोष्ट याला अपवाद. एका कागदावर तारीख, मीटरचा आकडा, दोष, ठरलेला भाव आणि दोघांच्या सह्या. ‘आपल्यात कसली लिखापढी’ म्हणणारे वर्षभरानंतर वेगवेगळ्या गोष्टी आठवतात, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

हप्त्यांच्या मी साफ विरोधात आहे. ज्याचे पैसे थकलेत त्या मित्राला सहलीचे फोटो दाखवून बघा, कळेल. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा कागद हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करणं आणि विमा ही कामं त्याच आठवड्यात उरका. गाडी तुमच्याकडे आणि कागद मित्राच्या नावावर, अशा अवस्थेत काही घडलं तर निस्तरायला तो बिचारा जाणार.

एवढं करूनही कुणाला खास मैत्रीची सूट द्यायचीच असेल तर अवश्य द्यावी, पण आधी योग्य भाव दोघांसमोर येऊ द्या आणि मग उघडपणे त्यातून कमी करा. घेणाऱ्याला कळू दे की ही भेट आहे. नाहीतर देणाऱ्याला वाटतं मी पाणी सोडलं, घेणाऱ्याला वाटतं बरोबर भावाला घेतली.

आणखी एक गोष्ट तपासणीच्या आधीच बोलून घ्या: दोघांपैकी कुणीही, कारण न देता, नको म्हणू शकतो. मेकॅनिकचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे, व्यवहार मोडला तरी.