प्यादं परत द्यायची तयारी हवी

बुद्धिबळात गॅम्बिट म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊ करणं. ते प्यादं एकदा घेतलं की शेवटपर्यंत सोडू नये, असा सल्ला गॅम्बिटवरच्या एका लेखात वाचला; मला तो अजिबात पटला नाही. प्यादं देणाऱ्याला हेच तर हवं असतं! आपण ते जपण्यात चाली घालवतो, तोवर त्याचे उंट-घोडे बाहेर आलेले असतात आणि कॅसलिंगही (हत्तीसोबतची एकाच चालीत राजाला सुरक्षित करणारी चाल) झालेलं असतं.

इव्हान्स गॅम्बिट बघा. आपण काळे. चौथ्या चालीला पांढरा बी४ घरात प्यादं देऊ करतो. आपल्या उंटाने ते मारायचं, पांढऱ्याने सी३ वर प्यादं आणलं की ए५ वर जायचं. मग पांढऱ्याचं कॅसलिंग, आपलं डी६, त्याचं डी४, आणि उंट शांतपणे बी६ वर. हा माजी विश्वविजेत्या लास्करच्या नावाचा बचाव. पांढऱ्याने ई५ वर मारामारी करून प्यादं वसूल केलं तर वजीर कटतात, हल्ला विझतो, आणि त्याची ए व सी पट्टीवरची प्यादी एकटी पडतात. ए५ऐवजी उंट ई७ वर नेणंही चालतं, पण १९९५ साली रीगाला कास्पारोव्हने आनंदला तिथेच २५ चालींत हरवलं. काळ्याचं कॅसलिंग शेवटपर्यंत झालंच नाही.

किंग्ज गॅम्बिटमध्ये, म्हणजे पांढरा दुसऱ्या चालीला एफ४ वर प्यादं देऊ करतो तिथे, ते मारून लगेच डी५ खेळणं आणि प्यादं परत द्यायची तयारी ठेवणं मला आवडतं ते याचसाठी.