घरी बनवलेली गाडी तपासायला न्यायची कुठे?

माझ्या भाच्याची तीनचाकी गेल्या पावसाळ्यापासून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. पोरगा आयटीआय झालेला फिटर. भंगारातून आणलेला जुन्या टेम्पोचा पुढचा भाग, चौकोनी पाइपची चासी, हजार वॉटची मोटर आणि चार बॅटऱ्या, एवढ्यातून त्यानं वैरण वाहायला गाडी केली. रानापासून गोठा दीड किलोमीटर. आधी घरातल्या बायका डोक्यावरून भारे आणायच्या. सहा महिने गाडी चालली, मग एका संध्याकाळी फाट्यावर पोलिसांनी अडवली. नंबर नाही, कागद नाहीत, विमा नाही.

त्या हवालदारावर माझा राग नाही, कारण त्याचं बरोबर होतं. गाडी सुटून घरी आल्यावर मी खाली वाकून बघितलं. मी तीस वर्षं वेल्डिंग करतो, मला दिसायला वेळ लागत नाही. स्टिअरिंगच्या सांध्याला एका बाजूनं नुसता टाका मारलेला, पूर्ण वेल्ड नाहीच. ब्रेक फक्त मागच्या एका चाकाला. त्या गाडीवर माझी बहीण बसून यायची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, आपण सगळं नीट करू आणि रीतसर पासिंग करून घेऊ. आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, अशी एकच गाडी पास करायला आमच्याकडे अर्जच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाप्रमाणे गाडी बनवणाऱ्यानं आपला नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. ती वाट हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आहे. वैरणीची एक गाडी करणारा पोरगा त्या वाटेनं जाणार कसा? अडीचशे वॉटच्या आतली, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी विजेची हलकी दुचाकी असती तर नोंदणीच लागली नसती. पण अडीचशे वॉटमध्ये ओली वैरण ओढत नाही.

माझं म्हणणं या एका गोष्टीपुरतं आहे. घरी गाडी बनवणाऱ्याला आपण ‘नको’ म्हणतो, पण ‘दाखव’ म्हणायची जागाच ठेवलेली नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची गोष्ट आठवत असेल. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिरानं भंगारातून जीप केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि तेव्हाच सांगितलं की ही नियमात बसत नाही, प्रशासन आज ना उद्या थांबवेल, त्यापेक्षा मी बोलेरो देतो. दिलीही. मनाचा मोठेपणा आहे, मला आनंद झाला. पण बाकीच्या कारागिरांना बोलेरो मिळणार नाही. त्यांना तपासणारा माणूस मिळाला तरी पुरे.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली दुसरी गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी. वेल्डिंगचं काम करणारा २४ वर्षांचा तरुण, माझ्याच धंद्यातला, मारुतीचं इंजिन लावून हेलिकॉप्टर करत होता. रात्रीच्या वेळी चाचणी घेताना पंख्याचं पातं तुटून त्याला लागलं आणि तो गेला. ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. फिरणाऱ्या पात्यावर किती ताण येतो, कुठला धातू कुठे थकतो, हे जाणणारा एक माणूस त्याच्या शेजारी असता तर? यंत्र जमिनीला बांधून, लांबून चालवून बघ, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तर?

सुरक्षेची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर, छोटी विमानं उडवायला बंदी घालतात. ज्या शहरानं इतकं सोसलं आहे त्यानं जपून राहावंच. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये मुकेश अंबानींच्या अँटिलिया या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली जी गाडी सापडली ती कंपनीतून आलेली स्कॉर्पिओ होती, बनावट नंबरप्लेट लावलेली. वाईट काम करणाऱ्याला लपायचं असतं, आणि लपायला चारचौघांसारखी गाडी लागते. घरी गाडी बनवणाऱ्याच्या दारात सगळं गाव बघायला जमतं. सरकारला त्याची माहिती हवी असेल तर त्याला वहीत नाव लिहायला बोलवा, तो धावत येईल.

ड्रोनच्या बाबतीत सरकारनं हेच केलं. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २५ ऑगस्टला, नवे ड्रोन नियम आले. भीती ताजी असूनही ते आधीपेक्षा सोपे होते. भरायचे अर्ज २५ वरून ५ वर आले, कुठे उडवायचं आणि कुठे नाही त्याचे नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे ठरले, अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचा परवाना लागणार नाही असं ठरलं. फुलसावंगीच्या त्या रात्रीनंतर दोनच आठवड्यांनी. आकाशाच्या बाबतीत हे जमलं, मग बांधावरच्या रस्त्यासाठी का जमू नये?

इंग्लंडात घरी बनवलेली एकच गाडीसुद्धा तपासणीला नेता येते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर, अंगाला लागतील अशा धारदार कडा, सगळं बघतात आणि पास झाली तर नंबर देतात. अमेरिकेत घरी बनवलेल्या विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी केलेलं असावं लागतं, त्यावर ‘प्रायोगिक’ असं ठळक लिहावं लागतं, आणि सुरुवातीचे ठरावीक तास ते नेमून दिलेल्या भागातच उडवावं लागतं.

आपल्याकडे मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. नोंदणीसाठी २०११ पासून खेटे घातले, ती २०१७ मध्ये झाली, आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. पेशानं वैमानिक असलेल्या माणसाला इतकी वर्षं लागली, तर आमच्या पोरांनी कुणाकडे बघायचं?

मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या बाहा स्पर्धेत इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बनवलेल्या गाड्या आणतात. तिथे ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जागेवर लॉक झाली नाहीत तर गाडी शर्यतीला सोडतच नाहीत. किती साधी आणि किती कडक परीक्षा! आरटीओच्या पासिंगच्या मैदानावर महिन्यातून एक दिवस हीच परीक्षा घ्या. ताशी पंचवीसची मर्यादा घाला, वेगळ्या रंगाची पाटी द्या, तालुक्याबाहेर जायचं नाही म्हणा, विमा सक्तीचा करा. नापास गाडी परत पाठवा, पण कशात नापास झाली ते लिहून द्या.

भाच्यानं आता स्टिअरिंगचा सांधा कापून नव्यानं केला आहे, वेल्ड मी स्वतः मारला. तिन्ही चाकांना ब्रेक बसवले. गाडी अजून ताडपत्रीखालीच आहे. आम्ही दोघांनी मिळून अशा तपासणीसाठी दोन पानांचा अर्जाचा नमुना मराठीत लिहून काढला आहे. परिवहन खात्यात काम करणारं कुणी हे वाचत असेल तर तो कुणाच्या टेबलावर ठेवायचा, एवढं खाली सांगा.