"चालता येतंय म्हणजे खुबा मोडलेला नाही": त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

"सत्तरीनंतर खुब्याचं ऑपरेशन करण्याआधी हे वाचा" अशा मथळ्याचा तो लांबलचक मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. याआधी आला तेव्हा मी सोडून दिला होता, कोणाकोणाला उत्तरं देत बसणार. पण परवा काकू बाथरूममध्ये घसरल्या, आपल्या आपण उठल्या, भिंतीला धरून पलंगापर्यंत गेल्या, आणि दादाने त्यांना दवाखान्यात न्यायचं सोडून मला तोच मेसेज पाठवला. खाली स्वतःची भर: "बघ, आई चालतेय, म्हणजे फ्रॅक्चर नाही. मालिशवाल्याला सांगितलंय." मी एक्स-रे विभागात टेक्निशियन आहे, दिवसभर हेच फोटो काढते, आणि घरचेच लोक माझ्याऐवजी कुठल्यातरी अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवतात म्हटल्यावर डोकं फिरणारच ना.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी, मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: चालता येत असेल तर हाड मोडलेलं नाही, एक्स-रे नॉर्मल आला की विषय संपला आणि एमआरआय हा रेडिएशन देऊन पैसे काढायचा धंदा, जाणकाराकडून पाय ओढून मालिश केली की खुबा "बसतो", सत्तरीनंतर ऑपरेशन म्हणजे मरण त्यामुळे तीन महिने झोपवून ठेवा हाड आपोआप जुळतं, केलंच ऑपरेशन तर दीड महिना पाय टेकवू नका, पेल्व्हिसच्या, म्हणजे कमरेखालच्या कड्यासारख्या हाडाला कधीच ऑपरेशन लागत नाही, आणि शेवटी तो लाडका डायलॉग, म्हातारपणी माणूस पडून हाड मोडत नाही, हाड मोडतं म्हणून माणूस पडतो.

चालण्यापासून सुरुवात करू. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत बसतो, आणि गोळा आणि हाडाचा दांडा यांना जोडणारा जो तिरका भाग त्याला मान म्हणतात. म्हातारपणी मोडतं ते बहुतेक वेळा या मानेत, नाहीतर तिच्या जरा खाली. मान मोडूनही कधी कधी दोन्ही तुकडे एकमेकांत रुतून बसतात. गार्डन नावाच्या सर्जनने १९६१ साली या फ्रॅक्चरच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यातली पहिली म्हणजे हीच रुतलेली, आणि तिच्यात पेशंट लंगडत का होईना चालत येऊ शकतो. आमच्याकडे असे येतात. पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेर वळलेलं हे जे सगळ्यांना माहीत असलेलं लक्षण आहे ना, ते तुकडे सरकल्यावर दिसतं, त्याआधी पाय अगदी सरळ असू शकतो. आणि दुखणं जांघेतच हवं असंही नाही. खुब्याला जाणाऱ्या एका नर्व्हच्या फांद्या गुडघ्यालाही जातात, त्यामुळे मोडलेला खुबा आणि दुखतोय गुडघा, असं होतं. काकू पण गुडघ्यालाच हात लावून दाखवत होत्या. गुडघ्याचा एक्स-रे काढला असता तर वयाप्रमाणे झीज दिसली असती आणि सगळे खूश होऊन घरी गेले असते.

आता एक्स-रे नॉर्मल. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. मांडीच्या हाडाची मान सरळ आडवी नसते, किंचित पुढे वळलेली असते. ती फोटोत पूर्ण लांबीने दिसायला पाऊल साधारण १५ अंश आत वळवावं लागतं. पण ज्याचा खुबा दुखतोय त्याचा पाय आम्ही जोर लावून आत वळवत नाही, वळवायचाही नसतो, आणि त्याचा पाय तर आपसूकच बाहेर पडलेला असतो. मग फोटोत मान आखूड दिसते, हाडाचा उंचवटा तिच्यावर येतो, त्यात हाडं ठिसूळ म्हणजे फोटो आधीच फिका, आणि केसाएवढी चीर असेल तर त्यात हरवून जाते. डॉक्टर जांघेजवळच्या हाडाच्या खालच्या कडेवरून मानेच्या आतल्या कडेपर्यंत एक कमान बघतात, शेंटन लाइन म्हणतात तिला, ती तुटलेली असली तर लगेच कळतं, पण काहीच सरकलेलं नसेल तर ती कमान अखंडच असते. खुब्याची साधारण २ ते १० टक्के फ्रॅक्चर्स पहिल्या एक्स-रेत दिसत नाहीत.

आणि एमआरआयचं रेडिएशन हा तर या मेसेजमधला सगळ्यात मोठा विनोद. एमआरआयमध्ये एक्स-रे वापरलेच जात नाहीत, लोहचुंबक आणि रेडिओ लहरींवर चालतं ते मशीन. रेडिएशन असतं ते एक्स-रेत, ज्याचं हा मेसेज गुणगान करतोय, आणि सीटीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची खुब्याच्या फ्रॅक्चरवरची गाइडलाइन २०११ पासून आहे, नंतर अपडेटही झाली. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की एक्स-रे नॉर्मल असूनही शंका असेल तर एमआरआय करा, २४ तासांत तो होणार नसेल किंवा त्या पेशंटचा एमआरआय करता येत नसेल तर सीटी करा. शंका म्हणजे काय, तर पडलेला म्हातारा माणूस आणि पायावर भार दिला की दुखणं, बस.

मालिश. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बाकी मुद्द्यांनी वेळ वाया जातो, यानं खुबा वाया जातो.

गोळ्याला रक्त कुठून येतं ते बघा. मुख्य रक्तवाहिनीच्या बारीक फांद्या मानेच्या बुडाशी शिरतात आणि मानेला चिकटून, सांध्याच्या पिशवीच्या आतून, वर गोळ्याकडे चढतात. वाटीच्या बाजूने एका लिगामेंटमधून एक छोटी वाहिनी येते खरी, पण मोठ्या माणसात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे मान मोडून तुकडे सरकले की त्या फांद्या ताणतात नाहीतर तुटतात, आणि गोळ्याचं रक्त बंद. मग हाड जुळत नाही किंवा गोळा मरून पुढे चेपतो. वर मानेवरच्या आवरणात बाकी हाडांसारखा नवीन हाड तयार करणारा थर नसतो, त्यामुळे बाहेरून सांधलं जाणं हा प्रकारच तिथे नाही. ॲस्टली कूपर नावाच्या इंग्लिश सर्जनने १८२२ सालीच सांगून ठेवलं होतं की पिशवीच्या आतलं फ्रॅक्चर जुळत नाही आणि त्याचं कारण रक्तपुरवठा. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता! आणि आपण दोनशे वर्षांनी पाय ओढून खुबा बसवतोय.

बसवतोय म्हणजे नेमकं काय करतोय, तर रुतून बसलेले, अजून रक्त चालू असलेले दोन तुकडे हाताने सोडवतोय. जे फ्रॅक्चर जागेवर होतं ते सरकतं. जागेवरच्या फ्रॅक्चरला बहुतेक वेळा छोट्या छेदातून स्क्रू बसवून स्वतःचा गोळा वाचवता येतो, आणि तेच सरकलं की या वयात गोळा काढून कृत्रिम बसवावा लागतो, अर्धा किंवा पूर्ण सांधा. काकूंच्या एक्स-रेत कोणालाच काही धड दिसलं नाही, एमआरआयमध्ये मानेत आडवी काळी रेघ निघाली, तुकडे जागेवर. स्क्रूवर भागलं. मालिशवाला संध्याकाळी येणार होता, दादाला फोन करून थांबवायला लावला, आणि त्यावरून "तुम्हा हॉस्पिटलवाल्यांना सगळ्यातच फ्रॅक्चर दिसतं" हेही ऐकून घेतलं.

ऑपरेशन म्हणजे मरण. याच्यात अर्धं खरं आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण २० ते ३० टक्के वर्षभरात जातात, ऑपरेशन करूनही. लोक हा आकडा ऐकतात आणि खापर ऑपरेशनवर फोडतात. पण झोपवून ठेवलं तर काय होतं ते कोण बघतं? छातीत कफ साचून न्यूमोनिया, पाठीला बेडसोर, पायाच्या शिरेत गुठळी, लघवीचं इन्फेक्शन, आणि दिवसागणिक गळणारे स्नायू. ऑपरेशन करतात ते हाड सुंदर दिसावं म्हणून नाही, माणूस लवकर बसावा-उठावा आणि दुखणं थांबावं म्हणून. नाइस म्हणते ॲडमिट झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. "हाड आपोआप जुळतं" हे मानेच्या खालच्या, पिशवीबाहेरच्या फ्रॅक्चरबाबत खरं आहे, तिथे रक्त भरपूर. पण नुसतं झोपून जुळलं तर बऱ्याचदा आखूड आणि वाकडं जुळतं, आणि तोवर माणूस टिकला पाहिजे ना. वजन बांधून पाय ताणून ठेवण्याचं म्हणाल तर ऑपरेशनआधी सरसकट तसं केल्याने दुखणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

हां, जो माणूस आधीच अंथरुणाला खिळलाय, आयुष्य थोडंच उरलंय, अशांत घरच्यांशी नीट बोलून ऑपरेशन न करण्याचा निर्णय घेतात, आणि तो चुकीचा नसतो. नर्सिंग होममधल्या अशा खूप थकलेल्या पेशंटवर नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात ऑपरेशन न केलेल्यांचे शेवटचे दिवस त्रासाच्या बाबतीत केलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. पण तिथे वेदना कमी करण्याची पूर्ण व्यवस्था होती. मेसेज वाचून घरी झोपवणं आणि हे, यांचा काडीचा संबंध नाही. काकू तर पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत जिना चढत होत्या.

दीड महिना पाय टेकवू नका: उलट. त्याच गाइडलाइनमध्ये आहे की ऑपरेशनच असं करा की लगेच पूर्ण भार देता येईल, आणि दुसऱ्या दिवशी फिजिओने पेशंटला उभं करायचं. तुमच्या सर्जनने काही कारणाने थांबायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, मेसेजचं नको.

पेल्व्हिसला ऑपरेशन लागत नाही: हेही अर्धं बरोबर, पण "कधीच" हा शब्द काढा. म्हातारा माणूस पडून पुढचं जांघेजवळचं पातळ हाड मोडलं तर बहुतेकांना वेदनाशामक आणि वॉकर एवढ्यावर भागतं. पण पेल्व्हिस हे टणक कडं आहे, कडं एकाच जागी क्वचित तुटतं, त्यामुळे पाठीमागे माकडहाडाच्या वरच्या मोठ्या हाडातही चीर असू शकते आणि ती साध्या एक्स-रेत सहज निसटते. दुखणं कमीच होत नसेल तर सीटी-एमआरआय करून घ्या. आणि गाडीच्या अपघातात किंवा उंचावरून पडून मोडलेलं पेल्व्हिस ही वेगळीच गोष्ट, त्यात आतल्या आत इतकं रक्त जातं की जीव जातो. त्या माणसाला "याला काही करावं लागत नाही" म्हणून घरी ठेवाल तर संपलं.

राहिला तो हाड-आधी-मोडतं वाला डायलॉग. खुब्याची ९० टक्क्यांहून जास्त फ्रॅक्चर्स पडल्यामुळेच होतात, त्यातही कुशीवर पडल्यामुळे. आधी मोडण्याचा प्रकार आहे, पण थोड्या लोकांत. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेंड्रोनेटसारखी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांपैकी अगदी मोजक्यांना मांडीच्या हाडाच्या दांड्यात, खुब्याच्या खाली, हळूहळू चीर पडते, आणि त्याआधी बऱ्याचदा काही आठवडे मांडी दुखते. म्हणून औषध बंद करू नका, त्याने वाचणारे खुबे कितीतरी जास्त आहेत. अशी गोळी चालू आहे आणि मांडी दुखतेय तर डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा आणि खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीचा एक्स-रे मागा, दोन्ही पायांचा, कारण दुसऱ्या पायातही तीच चीर असू शकते.